सहाध्ययन : रसायनशास्त्राच्या अभ्यासाच्या निमित्ताने

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी समारंभात, वडोदरा येथे, विद्यार्थी व पालक यांच्या सभेपुढे दिलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या अमृतमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्यास मला पाचारण केलेत, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा मनःपूर्वक आभारी आहे. महोत्सव म्हटला की पूर्वसूरींचे स्मरण करावे, देणगीदारांचे ऋण मानावे, झालेल्या कार्याचा आढावा घ्यावा, ही रीत आहे आणि ती उचितच आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मी पडलो शिक्षकी पेशातला माणूस. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तेव्हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाखेरीज मी दुसरे काही बोलेन अशी अपेक्षा आपणही केली नसेल.

महाविद्यालयातील रसायनशास्त्राचा अभ्यास सोबत्यांबरोबर बसून कसा करावा, हा माझा विषय आहे. विषय दिसायला लहान आहे. परंतु आपल्या वास्तूच्या वरच्या मजल्यावर जी नवी खोली झाली आहे, तिचा उपयोग कसा करावा हा प्रश्न मंडळापुढे आहे, आणि त्या प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे. काही सभासदांचे मत, तेथे शांत वाचनकक्ष असावा, प्रत्येकास वेगळे टेबल द्यावे. काहींचे मत, कच्च्या विद्यार्थ्यांसाठी तेथे शिकवणी चालवावी. दोन्ही मते कळकळीची आहेत. मला मात्र तिसरी सूचना करावयाची आहे, आणि ती का करावीशी वाटते हे आपणांस सविस्तर सांगावयाचे आहे.

प्रथम, रसायनशास्त्रच का? कारण हा विषय आपल्या वडोदऱ्याच्या अंगणातला आहे. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे येथील कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी १८९० मध्ये कलाभवनाची स्थापना केली. प्रयोगशाळेतली विद्या रंगाऱ्याच्या आणि कारागिराच्या हाती जावी, हा त्यांचा ध्यास होता. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेंबिक हा रासायनिक कारखाना उभा राहिला. एक गुजराती प्राध्यापक, एक मराठी रसायनतज्ज्ञ आणि एक गुजराती उद्योजक असे ते त्रिकूट होते. आपल्या शहराच्या स्वभावाचे ते चित्रच आहे. त्यानंतर १९६२ मध्ये खत कंपनी स्थापन झाली, १९६५ मध्ये कोयलीचा तेल शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९६९ मध्ये पेट्रोरसायनांची सरकारी कंपनी आली. या सभेत बसलेल्या किती कुटुंबांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटली, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. म्हणून आपल्या मुलामुलींनी रसायनशास्त्रात नापास होऊन विज्ञानशाखा सोडून देणे, ही मला केवळ परीक्षेची गोष्ट वाटत नाही.

आणि ती मुले नापास का होतात? आळशीपणामुळे, असे पालक म्हणतात. पाया कच्चा म्हणून, असे आम्ही शिक्षक म्हणतो. दोन्हींत थोडे तथ्य असेल. पण पहिल्या वर्षाचा एखादा विद्यार्थी पाहा. घरी मराठी, शाळेत बारावीपर्यंत गुजराती किंवा मराठी, आणि कॉलेजात पाऊल टाकले की सारे इंग्रजी. वर्गात शंभर मुले. व्याख्यान चालू असते, फळा भरतो आणि पुसला जातो. तो सारे उतरवून घेतो, घरी येतो, दार लावून बसतो, रात्री बारापर्यंत तेच तेच वाचतो. वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते. परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला की लेखणी थांबते. या मुलाच्या कष्टांत काही कमी नव्हते. आपणांस काय समजले नाही हे त्याला परीक्षेपूर्वी कोणी दाखवून दिले नाही, एवढीच कमतरता होती.

रसायनशास्त्राचा हा विशेष आहे की, न समजताही ते पुष्कळ दूरपर्यंत पाठ करता येते. एकदोन उदाहरणे देतो. ज्यांनी हा विषय घेतला नाही त्यांनीही कंटाळू नये, कारण उदाहरण स्वयंपाकघरातूनच सुरू होते.

पुरणपोळ्या करावयाच्या आहेत. कणकेचे गोळे दहा आणि पुरणाचे गोळे सात आहेत. पोळ्या किती होतील? सात. तीन गोळे कणीक उरेल. हे घरातली आठ वर्षांची मुलगीही सांगेल. आता हाच प्रश्न रसायनशास्त्राच्या पुस्तकात असा येतो : दहा ग्रॅम हायड्रोजन आणि चौसष्ट ग्रॅम ऑक्सिजन यांचा संयोग केला, तर पाणी किती होईल आणि काय उरेल? विद्यार्थी पाहतो की हायड्रोजन दहाच ग्रॅम आहे आणि ऑक्सिजन चौसष्ट. तो चटकन म्हणतो, हायड्रोजन आधी संपेल. हे चुकीचे आहे. रसायनशास्त्रात वजन पाहून भागत नाही, गोळे मोजावे लागतात, आणि त्या गोळ्यांच्या मापाला मोल म्हणतात. हायड्रोजनचे दोन ग्रॅम म्हणजे एक मोल, म्हणून दहा ग्रॅमचे पाच मोल झाले. ऑक्सिजनचे बत्तीस ग्रॅम म्हणजे एक मोल, म्हणून चौसष्ट ग्रॅमचे दोनच मोल झाले. ऑक्सिजनच्या एका मोलला हायड्रोजनचे दोन मोल लागतात. दोन मोल ऑक्सिजन चार मोल हायड्रोजन घेईल आणि संपेल. एक मोल, म्हणजे दोन ग्रॅम हायड्रोजन उरेल. पाणी बहात्तर ग्रॅम होईल. बहात्तर आणि दोन, चौऱ्याहत्तर. आरंभी दहा आणि चौसष्ट, तेही चौऱ्याहत्तर. हिशेब जुळला.

एकट्याने वाचणारा मुलगा हे गणित पुस्तकात सोडवलेले पाहतो, मान डोलावतो आणि पान उलटतो. त्याच्यासमोर एखादी मैत्रीण बसलेली असेल आणि तिने विचारले, "अरे, पण जास्त वजनाची वस्तू आधी कशी संपली?" तर त्याला उत्तर द्यावे लागते. उत्तर देताना तो अडखळतो, आणि जेथे अडखळतो तेथेच त्याचे खरे शिक्षण सुरू होते. पुरणपोळीचा दृष्टान्त पुस्तकात नसतो. आपल्याच भाषेत समजावून सांगण्याची वेळ आली की तो सुचतो. परीक्षेचे उत्तर तो इंग्रजीतच लिहील, लिहावेच लागेल. पण समज एकदा मायबोलीत पक्की झाली की परकी संज्ञा तिच्यावर नीट बसते. समज नसताना संज्ञा पाठ केली तर ती वाऱ्यावर उडून जाते.

दुसरे उदाहरण थोडे वरच्या इयत्तेचे आहे. आम्लाची तीव्रता पीएच या मापाने सांगतात. साधारण तापमानास सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात इतके विरळ केले की दर लिटरला एका मोलचा दहा कोटीवा भाग उरला. त्याचा पीएच किती? सूत्र पाठ असलेला विद्यार्थी लगेच लिहितो, आठ. सूत्राप्रमाणे उत्तर बिनचूक दिसते. एकटा बसलेला मुलगा त्याखाली रेघ ओढून पुढे जातो. चार जणांत बसला असेल तर कोणीतरी हसून विचारतो, "म्हणजे आम्लात पाणी घालत गेलो की ते अल्क होते?" मग सर्वांच्या ध्यानात येते की पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन हिशेबात धरलेच नाहीत. ते धरले की उत्तर ६.९८ च्या आसपास येते, सातच्या किंचित खाली, जसे असावयास हवे तसे. हा प्रश्न विचारणारा मुलगा वर्गात पहिला येणारा असण्याची गरज नाही. पुष्कळदा असा भाबडा प्रश्न त्याच मुलाला सुचतो, ज्याने सूत्र नीट पाठ केलेले नाही. म्हणून मंडळात हुशार आणि मंद असे दोन्ही असावेत. हुशाराला समजावून सांगण्याचा लाभ होतो आणि मंदाला समजण्याचा. आणि काही दिवसांनी कोण हुशार नि कोण मंद हे तितकेसे स्पष्ट राहत नाही.

आता प्रयोगशाळेत येऊ. आपल्यापैकी ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी विज्ञान शिकले त्यांना सॉल्ट अ‍ॅनालिसिस आठवत असेल. दिलेल्या पांढऱ्या किंवा रंगीत पुडीत कोणता क्षार आहे, हे पायरीपायरीने शोधावयाचे. तिसऱ्या गटाच्या वेळी प्रथम अमोनियम क्लोराइड घालतात आणि मग अमोनियम हायड्रॉक्साइड. हा क्रम विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी पाठ केला. क्रम का, हे विचारा. अमोनियम क्लोराइड आधी घातले की हायड्रॉक्साइडचे आयन दाबले जातात. त्यामुळे लोह, अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम यांचेच हायड्रॉक्साइड खाली बसतात, आणि मॅग्नेशियमसारखे पुढच्या गटांतले धातू द्रावणात राहतात. क्रम चुकला तर पुढचे पाहुणे आधीच्या पंगतीला येऊन बसतात आणि सारा निर्णय चुकतो. त्याच ठिकाणी नायट्रिक आम्लाचे काही थेंब घालून उकळावे लागते. का? द्रावणात लोह फेरस रूपात असेल तर ते या गटात पूर्णपणे खाली बसत नाही. ते फेरिक करून घ्यावे लागते. हे दोन 'का' ज्यांनी एकमेकांस विचारले, त्यांना तोंडी परीक्षेत घाम फुटत नाही.

प्रयोगशाळेतील सोबत ही मात्र दुधारी तलवार आहे, हेही सांगितले पाहिजे. टायट्रेशन करताना दोघांची जोडी असते. एकजण ब्युरेटची तोटी फिरवतो, दुसरा वहीत आकडे लिहितो. वर्षभर तोच फिरवतो आणि वर्षभर दुसराच लिहितो. अशा जोडीत मुलगा व मुलगी असतील तर लेखन बहुधा मुलीच्या वाट्याला येते, कारण तिचे अक्षर चांगले! परीक्षेच्या दिवशी ब्युरेट एकटीने हाती धरावी लागते, तेव्हा त्या चांगल्या अक्षराचा काही उपयोग होत नाही. याहून वाईट म्हणजे आकडे जुळवून लिहिण्याची खोड. पहिल्याला १०.२ आले, तर दुसऱ्यानेही १०.२ लिहून टाकावयाचे, तिसऱ्यानेही तेच. जर्नल सुंदर दिसते आणि प्रयोग कोणीच केलेला नसतो.

माझ्या मते योग्य रीत अशी. फिक्कट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की तोटी बंद करावी. दोघांनीही डोळा द्रवाच्या पातळीस आणून, वक्राच्या तळाशी, आपापला आकडा वाचावा आणि न बोलता आपापल्या वहीत लिहावा. मग वह्या समोरासमोर ठेवाव्यात. आकडे जुळले तर आनंद आहे. नाही जुळले तर भांडावे, पुन्हा पाहावे, कोणाचा डोळा वर होता ते शोधावे. पुढच्या खेपेस कामांची अदलाबदल करावी.

श्रोतेहो, या छोट्या रीतीतच माझ्या भाषणाचे सार आहे. आधी प्रत्येकाने स्वतंत्र करावे, मग एकत्र पडताळावे. सोबती असतात ते ओझे वाटून घेण्यासाठी नसून, आपली समज त्यांच्या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहण्यासाठी असतात. जेथे हा क्रम उलटतो, तेथे सहाध्ययनाचे रूपांतर नक्कल करण्यात किंवा गप्पांत होते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. विद्येचा चौथा हिस्सा गुरूकडून, चौथा स्वतःच्या बुद्धीने, चौथा सहाध्यायांकडून आणि उरलेला काळाच्या ओघात मिळतो, अशा अर्थाचे सुभाषित पाठशाळेत शिकलेल्या आपल्या आजोबांना ठाऊक होते. त्यांत सहाध्यायांना गुरूइतकाच वाटा दिलेला आहे, हे आपण विसरलो.

आधुनिक विज्ञानाच्या इतिहासातही त्याची साक्ष मिळते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात सत्येंद्रनाथ बोस, मेघनाद साहा, ज्ञानचंद्र घोष आणि ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी हे एकाच काळात शिकत होते. रसायनशास्त्राचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे तेथे त्यांचे गुरू. पुढे बोस आणि साहा या दोघा सहाध्यायांनी आइनस्टाइन यांचे सापेक्षतेवरील निबंध जर्मनमधून इंग्रजीत आणले आणि १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने ते प्रसिद्ध केले. घोष आणि मुखर्जी लंडनमध्ये असताना शांतिस्वरूप भटनागर यांच्याबरोबर त्यांनी भारतीय रसायनज्ञांच्या संस्थेचा विचार मांडला, आणि १९२४ मध्ये 'इंडियन केमिकल सोसायटी' स्थापन झाली. अध्यक्ष झाले त्यांचे गुरू राय. कॉलेजच्या बाकावर जुळलेली सोबत राष्ट्राच्या कामी कशी येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

अमेरिकेत या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. बर्कली येथील विद्यापीठात युरी ट्राइझमन यांनी १९७० च्या दशकात एक चौकशी केली. गणिताच्या पहिल्या वर्षात कृष्णवर्णीय विद्यार्थी फार नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यश मिळवीत. प्राध्यापकांनी कारणे सांगितली : तयारी कमी, उत्साह कमी, घरची परिस्थिती. ट्राइझमन यांनी विद्यार्थ्यांचा दिनक्रम जवळून पाहिला. नापास होणारी मुले कष्टाळू होती, घरून त्यांना पाठिंबाही होता. ती एकेकटी अभ्यास करीत. दुसरी मुले एकेकट्याने अभ्यास झाल्यावर एकत्र येत, एकमेकांची उत्तरे तपासत, आपण कोठे आहोत हे त्यांना रोज कळे. मग ट्राइझमन यांनी कार्यशाळा सुरू केल्या. कच्च्यांचा वर्ग असे नाव त्यांना दिले नाही. उलट, अधिक कठीण प्रश्न दिले आणि ते एकत्र बसून सोडवावयास सांगितले. त्या मुलांचे यश पुष्कळ वाढले.

रसायनशास्त्रातही असाच प्रयोग न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९९० च्या दशकात सुरू झाला आणि तेथून अनेक कॉलेजांत गेला. सहा ते आठ विद्यार्थ्यांचे मंडळ, आठवड्यातून एकदा बैठक, आणि मार्गदर्शक कोण, तर तोच अभ्यासक्रम नुकताच चांगल्या रीतीने पुरा केलेला वरच्या वर्गातील विद्यार्थी. त्याने उत्तरे सांगावयाची नाहीत, मंडळाकडून काढून घ्यावयाची. नुकताच ज्या खड्ड्यातून वर आला त्याला तो खड्डा नेमका कोठे आहे हे चांगले आठवते. आम्हां जुन्या शिक्षकांना ते आठवत नाही. शिवाय शास्त्रही बदलते. मोलची व्याख्या आम्ही कार्बनच्या बारा ग्रॅमवरून शिकलो. २० मे २०१९ पासून ती ठराविक कणसंख्येवरून करतात. तेव्हा आमच्या पिढीतल्या आजोबांनी नातवाला शिकवताना थोडे जपून असावे, आणि जमल्यास नातवाकडून शिकावे!

आता दोष सांगतो, कारण सहाध्ययनाचे नाव घेऊन वेळ घालवणारी मंडळेही मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिला दोष वाटणीचा. "तू सेंद्रिय कर, मी असेंद्रिय करतो, ती भौतिक रसायन करील, मग टिपणे बदलून घेऊ." यात प्रत्येकाचा एक तृतीयांश अभ्यास होतो आणि दोन तृतीयांश झाल्याचे समाधान मिळते. दुसरा दोष असा की एकच बोलतो, बाकीचे ऐकतात. मग ती शिकवणी झाली, आणि शिकवणारा कच्चा. तिसरा, सर्वांनी मिळून एका चुकीवर एकमत करणे. बहुमताने रसायनक्रिया बदलत नाही, शंका राहिली तर ग्रंथ उघडावा, गुरुजींकडे जावे. चौथा दोष आजच्या काळाचा. भ्रमणध्वनीवर मंडळ काढतात आणि एकाने सोडवलेल्या उत्तराचे छायाचित्र सर्वांस पाठवतात. आता तर प्रश्न टाकताच उत्तर लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्या साधनांवर माझा राग नाही. पण तयार उत्तर हाती आले की 'का' विचारण्याची वेळच येत नाही, आणि आपले अडखळणे आपल्यालाच दिसत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही मंडळ काढाल तर काही नियम पाळा. चार किंवा पाचजण असावेत, त्याहून अधिक नकोत. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, दीड तास बसावे. कोणता भाग घ्यावयाचा हे आधी ठरवावे आणि प्रत्येकाने तो घरी वाचून, दोनचार गणिते स्वतः करून यावे. तयारी न करता आलेल्याने त्या दिवशी ऐकावे, पण नेहमीच ऐकू नये. फळ्याजवळ खडू घेऊन उभे राहावयाचे ते ज्याला येते त्याने नव्हे, ज्याला शंका आहे त्याने. इतरांनी त्याला पुढची ओळ सांगू नये, पुढची ओळ सुचेल असा प्रश्न विचारावा. चुकणाऱ्याला हसू नये. एकदा हसलात की तो पुन्हा विचारणार नाही, आणि मंडळाचा प्राणच जाईल. न सुटलेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवावेत आणि ती वही घेऊन प्राध्यापकांकडे जावे. नेमका प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठवणारा प्राध्यापक विरळा. आणि शेवटची पंधरा मिनिटे कोणी बोलू नये. पुस्तके मिटून प्रत्येकाने त्या दिवशीचे एक गणित किंवा एक स्पष्टीकरण एकट्याने कागदावर लिहावे. मंडळात समजले ते आपले झाले की नाही, हे त्या कागदावर कळते.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा मित्रांकडे अभ्यासाला जातो म्हणाला तर सरसकट संशय घेऊ नये. आणि मुलगी म्हणाली तर सरसकट नाही म्हणू नये. डॉ. कमला सोहोनी यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरच्या मराठी वस्तीतील घराण्यात झाला. वडील आणि काका दोघेही रसायनज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी वरच्या क्रमांकाने मिळवूनही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर घेतले गेले. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. इतके धैर्य प्रत्येक मुलीपाशी असावे अशी अपेक्षा आपण का करावी? ज्या मुलीला प्रयोगशाळेत ब्युरेट मिळत नाही आणि संध्याकाळी मंडळात जागा मिळत नाही, तिच्या अभ्यासातला एक मोठा हिस्सा आपणच काढून घेतो.

म्हणून, विश्वस्त मंडळापुढे माझी सूचना अशी. वरची खोली सहाध्ययनासाठी द्यावी. फार खर्च नको. दोन मोठे फळे, चार गोल टेबले, चांगला उजेड आणि मूलद्रव्यांचा आवर्त तक्ता एवढे पुरे. पहिल्या वर्षाच्या आणि अभ्यासक्रमाच्या जुन्या-नव्या पुस्तकांचे एक कपाट असावे, आणि ती पुस्तके खोलीतच राहावीत. आपल्या शिष्यवृत्तीवर शिकून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात गेलेल्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ पहिल्या वर्षाच्या मंडळासाठी द्यावी. शिष्यवृत्तीची परतफेड करण्याची याहून सोपी आणि मानाची रीत नाही. खोलीच्या दारावर 'कच्च्यांचा वर्ग' असे काही लिहू नये. तेथे पहिला येणारा आणि मागे पडलेला दोघांनाही सारखेच कठीण प्रश्न मिळावेत. मुली सुरक्षितपणे येऊ-जाऊ शकतील अशी वेळ ठरवावी आणि त्या वेळेत एखादे ज्येष्ठ सभासद खाली बसलेले असावेत. आणि दार केवळ आपल्या समाजाच्या मुलांपुरते उघडू नये. मंडळात एखादा गुजराती किंवा मुस्लिम सहाध्यायी असेल तर त्यालाही आणावे. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या गावात हे सांगण्याची गरज पडू नये.

शांत वाचनकक्षाची मागणी करणाऱ्यांचे म्हणणे मी डावलत नाही. एकट्याने वाचण्यासाठी शांतता हवीच, आणि त्यासाठी आपले जुने वाचनालय आहे. पण ज्यांचे घर दोन खोल्यांचे, जेथे चौघांनी बसून मोठ्याने वाद घालावा अशी जागा नाही, त्यांना शांततेपेक्षाही बोलता येईल अशी जागा अधिक दुर्मिळ असते. ती आपण देऊ शकतो.

आपल्या संस्थेने आजवर फी दिली, पुस्तके दिली, वसतिगृहाचा खर्च दिला. ही मदत प्रत्येकास वेगवेगळी पोचली, पाकिटातून पोचली. जे एकाच यादीत होते त्यांनी एकमेकांची तोंडेही क्वचितच पाहिली. यापुढे त्याच विद्यार्थ्यांना एका टेबलाभोवती बसवावे, एवढेच माझे मागणे आहे. पुढल्या महोत्सवाच्या स्मरणिकेत त्या खोलीतून बाहेर पडलेल्यांपैकी कोणी तिचा वृत्तान्त लिहील, अशी मला आशा आहे.